भैरवी काठावर येते

मैफल भैरवीवर संपते आणि सीडी बाहेरच्या काठावर संपते. कॅसेटवरून सीडी करून देण्याचं काम मी अळणावरात बरीच वर्षं केलं आणि माझ्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारींचं मूळ या एका वाक्यात सापडतं. "बाकी सगळं झकास वाजतंय ओ, शेवटाला तेवढं अडकतंय," असं म्हणत लोक यायचे. शेवटाला म्हणजे भैरवीला. भजनाची सीडी असली तर शेवटच्या अभंगाला, सप्ताहाची असली तर काल्याच्या कीर्तनाला. ज्या पाच-सात मिनिटांसाठी माणूस तासभर बसून राहतो, नेमकी तीच मिनिटं उड्या मारत यायची.

ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाजते, सीडी आतून बाहेर. मधल्या भोकाजवळ सुरू झालेली वाट गोल गोल फिरत काठाकडे जाते. दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, आणि ७४ मिनिटांच्या डिस्कवरची ही वाट उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरच्या वर भरते. कोऱ्या डिस्कवर रंगाचा थर देतात तो डिस्क फिरवत, आतून बाहेर पसरवत. स्वस्तातल्या मालात तो काठापर्यंत सारखा पोचत नाही. डिस्क जराशी वाकडी असली तर तिचा हेलकावाही काठालाच सर्वांत जास्त. शिवाय आपण डिस्क धरतो कुठे? काठालाच. तेव्हा जिथे माल सर्वांत कच्चा, तिथेच गाणं सर्वांत मोलाचं, असा हा पेच. कोरी डिस्क कुठली घ्यावी, रायटर कुठला घ्यावा, किती वेगानं लिहावं, या सगळ्या प्रश्नांकडे मी पुढे याच पेचातून बघत गेलो.

अळणावर हे रेल्वेचं जंक्शन. हुबळी-धारवाडकडून आलेली गाडी इथून लोंढ्याला आणि पुढे कॅसलरॉकचा घाट उतरून गोव्याला जाते. एक फाटा दांडेलीच्या अंगाला आंबेवाडीपर्यंत जातो. आता तालुक्याचं ठिकाण झालंय, तेव्हा धारवाड तालुक्यात होतं. बाजारात कन्नड, घरात मराठी, शेजारी उर्दू आणि कोकणी, हे इथलं रोजचं बोलणं. एका अंगाला खानापूर, दुसऱ्या अंगाला हल्याळ. दोन्हीकडच्या खेड्यांत मराठी भजनी मंडळं, कार्तिकातली काकडआरती, हरिनाम सप्ताह. आणि गाण्याचं म्हणाल तर हा मुलूखच गाण्याचा. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूर गावचे, सवाई गंधर्व कुंदगोळचे, गंगूबाई हनगल हुबळीत राहिल्या, बसवराज राजगुरू धारवाडात. आकाशवाणीचं धारवाड केंद्र १९५० पासून चालू आहे. रेल्वेत खलाशी म्हणून लागलेल्या माणसाच्या घरीसुद्धा रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरून घेतलेली एखादी कॅसेट असायचीच. गाणं ऐकणं ही इथे कुणाची मिरवायची गोष्ट नाही, ती जेवण्याइतकी साधी आहे. त्यामुळे ऐकणाऱ्याचे कान तयार, आणि डिस्कमधली खोट लपत नाही.

बाजारात विकत मिळणाऱ्या कॅसेटींची नक्कल मी करून देत नसे. ते कायद्यातही बसत नाही आणि मनालाही पटत नाही. माझ्याकडे यायच्या त्या घरच्या कॅसेटी. वडिलांचं कीर्तन, आजीच्या जात्यावरच्या ओव्या, गावच्या मंडळाची चक्री भजनाची रात्र, कुणाच्या वाड्यात झालेली बैठक. जगात दुसरी प्रत नाही असा सगळा ऐवज. बुरशी लागलेली फीत, आत बसलेली लाल माती, सुटलेला पॅड. फीत वाजवून संगणकात घेणं हे वेगळं शास्त्र आहे, त्यात आज शिरत नाही. एवढंच सांगतो की हेडचा स्क्रू फिरवून फितीशी त्याचा कोन जुळवल्याशिवाय मी एकही कॅसेट भरून घेतली नाही. टाळांचा आवाज उघडला की कोन जुळला, ही माझी खूण.

आता हिशोब बघा. साठची कॅसेट एका डिस्कवर आरामात बसते. नव्वदची बसत नाही, कारण साध्या डिस्कची मर्यादा ७४ किंवा ८० मिनिटं. इथे गिऱ्हाइकाचा हटकून प्रश्न यायचा: "त्या दुसऱ्या शिडीत दीडशे गाणी बसत्यात, आणि तुम्ही पंधरा पण बसवत न्हाईसा?" त्या दीडशे गाण्यांच्या डिस्क एमपीथ्रीच्या, त्यात फाइली असतात, त्या वाचायला प्लेअरही तसाच लागतो. ऑडिओ सीडीत फाइल नसते. सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेलं सोळा बिटांचं मोजमाप, डाव्या कानाचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं, सरळ एका ओळीत मांडलेलं असतं. हे फिलिप्स आणि सोनीनं १९८० साली ठरवलं आणि तेव्हापासून जगातला कुठलाही सीडी प्लेअर तेवढं एक नक्की वाचतो. जुना असो, नवा असो. म्हणून घरच्या आवाजासाठी मी ऑडिओ सीडीचाच आग्रह धरला.

नव्वद मिनिटांच्या कोऱ्या डिस्कही मिळायच्या. हुबळीच्या दुकानदारानं एकदा मोठ्या कौतुकानं पुढे केल्या. त्या मी घेतल्या नाहीत. जास्तीची दहा मिनिटं कुठून येतात? वाटेचे वेढे ठरल्यापेक्षा जवळ आणून. संगणकाचा ड्राइव्ह ते सांभाळून घेतो, देवळातला दहा वर्षांचा प्लेअर घेत नाही. मी उलटीकडे गेलो: ८० ची डिस्क घ्यायची आणि सत्तर मिनिटांच्या पुढे लिहायचंच नाही. काठाची पट्टी मोकळी सोडायची. नव्वदची कॅसेट आली की दोन डिस्क करायच्या, एका बाजूला एक. बैठक लांबलेली असली तर ख्याल एका डिस्कवर आणि ठुमरी, नाट्यपद, भैरवी दुसऱ्या डिस्कवर. म्हणजे भैरवी दुसऱ्या डिस्कच्या मध्यावर येते, जिथे माल चांगला असतो. एका डिस्कचे पैसे जास्त पडतात म्हणून काही जण कुरकुरायचे. त्यांना मी दोन्ही प्रकार वाजवून दाखवायचो, मग कुरकुर थांबायची.

कोऱ्या डिस्कची निवड हा खरा डोकं खाणारा भाग. सीडी-आर पहिल्यांदा आणली जपानच्या तैयो युडेन कंपनीनं, १९८८ साली. छापील सीडीत खड्डे साच्यातून येतात. कोऱ्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो आणि लेसर त्याला जाळून खुणा करतो. हा रंग तीन जातींचा. सायनिन हिरवट-निळसर दिसतो. फ्थॅलोसायनिन फिका, जवळजवळ पांढुरका-पिवळसर. आणि अझो गडद निळा, जो मित्सुबिशीनं काढला आणि व्हर्बेटिमच्या नावानं विकला गेला. सायनिनला लेसरची ताकद थोडी इकडेतिकडे झालेली चालते, म्हणून तो कुठल्याही रायटरशी जमवून घेतो. पण ऊन त्याला सोसत नाही. फ्थॅलोसायनिन उजेडात जास्त टिकतो, मात्र त्याला लेसरची ताकद नेमकी लागते. रायटर सामान्य असला तर हाच टिकाऊ रंग अर्धवट जळतो आणि पहिल्याच दिवशी अडखळतो. तेव्हा "कुठली डिस्क सर्वांत चांगली?" या प्रश्नाला एकट्यानं उत्तर नाही. कुठल्या रायटरवर, ते आधी सांगावं लागतं.

डब्यावरच्या नावावर तर मुळीच विसंबू नये. एकाच नावाचा, एकाच चित्राचा पन्नासचा डबा दोन महिन्यांच्या अंतरानं घेतला तर आतला माल दोन वेगळ्या कारखान्यांचा निघतो. हे उघड्या डोळ्यांनीही कळतं: खालची बाजू उजेडात धरली की रंग बदललेला दिसतो, आतल्या कड्यावरचे आकडे वेगळ्या वळणाचे असतात. पण पक्कं कळतं ते डिस्कच्या आत लिहिलेल्या संकेतावरून. कोऱ्या डिस्कवर आधीपासून एक नागमोडी खाच असते, तिच्यात वेळ आणि कारखान्याची ओळख दोन्ही असतात. फुकट मिळणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमनं ती वाचता येते. ९७ मिनिटं २४ सेकंद असा आकडा आला की माल तैयो युडेनचा. तो आकडा दिसला की मला दिवस चांगला गेल्यासारखं वाटायचं, कारण बाहेरच्या डब्यावर बहुतेक वेळा भलतंच नाव असायचं. आपल्याकडे सर्वांत सहज मिळायची ती मोझर बेअर, दिल्लीजवळच्या ग्रेटर नोइडाच्या कारखान्यातली. खेड्यापाड्यांत सीडी पोचली त्यात या देशी कारखान्याचा हात मोठा होता, हे नमूद करायलाच हवं.

एका नावाच्या मालानं मात्र आम्हाला रडवलं. नाव घेत नाही. पावसाळ्याआधी लिहिलेल्या डिस्क दिवाळीत परत आल्या. वरच्या चंदेरी थराला काठाकडून टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडलेली. दिव्यासमोर धरली तर पलीकडचा उजेड दिसायचा. वरची लाख काठापर्यंत नीट चढलेली नव्हती आणि अळणावरचा पाऊस तिथून आत शिरला. त्यानंतर मी एक रिवाज पाडला. कुठलाही नवा डबा आला की त्यातली एक डिस्क कोरीच ओल्या भिंतीजवळच्या फळीवर उघडी ठेवायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी दिव्यासमोर धरायची. पुढचा डबा त्याच मालाचा घ्यायचा की नाही, ते मग ठरायचं.

आखातात नोकरीला गेलेली मुलं घरी येताना "म्युझिक" असं छापलेल्या कोऱ्या डिस्क आणायची. या खास गाण्यासाठी असतात, आवाज गोड येतो, अशी समजूत. त्यांच्यात वेगळं असतं ते एवढंच की संगणकाविना चालणाऱ्या घरगुती सीडी रेकॉर्डरला ओळख पटावी म्हणून एक खूण आधीच टाकलेली असते. काही देशांत त्यांच्या किमतीत संगीताच्या हक्कांचा आकारही असतो. संगणकातल्या रायटरला त्या खुणेशी कर्तव्य नाही. डिस्क चांगली निघाली तर ती कारखान्यामुळे, "म्युझिक" या शिक्क्यामुळे नव्हे. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कचंही तसंच काही जणांना आकर्षण होतं. त्या परतवतात तो उजेड छापील सीडीच्या पाव हिश्श्याएवढा. जुन्या प्लेअरला त्यात काहीच दिसत नाही, तो थेट "नो डिस्क" म्हणतो.

रायटर मी दोन ठेवले. एक लाइट-ऑनचा, हुबळीत घेतलेला. दुसरा प्लेक्स्टरचा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुना मागवलेला. त्याची किंमत ऐकून घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. पण या दोहोंचा खरा उपयोग लिहिण्याइतकाच तपासण्यासाठी होता. सीडी वाचताना चुका होतातच. धूळ, बोटं, कच्ची खूण. त्या दुरुस्त करायची सोय सीडीच्या रचनेतच आहे, इतकी भक्कम की सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग ओरखडासुद्धा ती पूर्ण भरून काढते. पण भरून काढते म्हणूनच आपल्याला पत्ता लागत नाही की डिस्क कुठवर आलीय. आज ठणठणीत वाजणारी डिस्क दुरुस्तीच्या शेवटच्या पायरीवर उभी असू शकते. लाइट-ऑनसाठी केप्रोब आणि प्लेक्स्टरसाठी प्लेक्सटूल्स या प्रोग्रॅमांनी त्या आतल्या चुका मोजता येतात. पहिल्या पायरीवर सुटणाऱ्या त्या सीवन, तिथे न सुटता दुसरीवर गेलेल्या त्या सीटू. ठरलेल्या मानकात सीवनची मर्यादा सेकंदाला सरासरी २२० आहे. ही मर्यादा मला फारच सैल वाटायची. माझ्या दुकानात नियम असा: सरासरी पाचाच्या आत, उंचवटा पन्नासाच्या आत आणि सीटू एकही नाही. आलेखाची रेघ आतून बाहेर जाताना शेवटच्या दहा मिनिटांत वर चढायला लागली की ती डिस्क बाजूला. स्वस्त मालात ती रेघ चढतेच, आणि तुमची भैरवी काय होणार आहे ते त्या रेघेत आधीच लिहिलेलं असतं.

वेगाबद्दल लोकांच्या मनात एक पक्कं बसलेलं असतं, जितकं सावकाश तितकं चांगलं. सीडी-आर नवी होती तेव्हा ते खरं होतं. नंतरच्या ५२ एक्सच्या डिस्कचा रंग मुळात जलद जळावा असाच केलेला असतो. त्याला १ एक्स किंवा ४ एक्सनं लिहिलं तर खुणा पसरट होतात आणि सीवन वाढतात. मी दोन्ही रायटरवर दर डब्यामागे ८, १६, २४ आणि ४० एक्सनं लिहून आलेख काढले. जवळपास दर वेळी १६ एक्स सरस ठरलं. कारण सरळ आहे. माझे रायटर १६ एक्सपर्यंत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच चालीनं लिहीत. त्याच्या वर गेलं की मध्येच टप्प्याटप्प्यानं चाल वाढवत, आणि त्या सांध्यांवर आलेखात ठळक टोकं दिसत. गवई बसण्याआधी तंबोरा जुळवून घेतो तसा रायटरही लिहिण्याआधी डिस्कच्या अगदी आतल्या पट्टीवर लेसरची ताकद जुळवून बघतो. आतल्या पट्टीवर जुळलेली ताकद काठावर तशीच लागू पडेल याची हमी मात्र कुणी देत नाही. चाल एकसारखी असली की त्यातला धोका कमी होतो.

माझं दुकान स्टेशनच्या बाजूला. बळ्ळारी-होसपेटकडून गोव्याच्या बंदराकडे खनिजाच्या मालगाड्या जायच्या आणि तिकडून कोळसा यायचा. भरलेली मालगाडी आली की टेबलावरच्या चहाच्या कपाला कापरं भरायचं. गाडीच्या वेळी लिहिलेल्या डिस्कचा आलेख आणि शांत वेळी लिहिलेल्या डिस्कचा आलेख मी शेजारी शेजारी ठेवून बघितले. पहिल्यात सीवनचे झुपके होते. मग गवंड्याला बोलावून भिंतीत शहाबादी फरशी बसवून घेतली, तिच्यावर रबराचा जाड तुकडा आणि त्यावर संगणक. झुपके गेले. तरीसुद्धा सिग्नल पडलेला दिसला तर मी गाडी निघून जाईपर्यंत थांबत असे. विजेचं दुखणं वेगळंच. लिहिताना वीज गेली की डिस्क फुकट, म्हणून यूपीएस आधी आणि रायटर मग, असं मी नव्यानं धंदा काढणाऱ्या पोरांना सांगायचो. सन २००० च्या सुमारास सान्योनं बर्न-प्रूफ आणलं. त्यानंतर संगणकाकडून माहिती यायला उशीर झाला तरी रायटर थांबून पुन्हा तिथूनच पुढे लिहू लागला. गाण्यासाठी मात्र मी लिहिताना दुसरा कुठलाही प्रोग्रॅम उघडत नसे. थांबून पुन्हा सुरू केलेला तो सांधा कितीही बारीक असला तरी सांधाच.

सांध्याचं आणखी एक ठिकाण आहे आणि तिथे जाणकार माणूस ताबडतोब चिडतो. भजनाची रात्र सलग असते. एक अभंग संपतो तिथे पखवाजवाला ठेका सोडत नाही, त्याच ठेक्यावर बुवा पुढच्याला हात घालतात. अशा रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक अभंगाला वेगळा नंबर तर हवा, म्हणजे हवा तो लावता येतो, पण मध्ये शांतता नको. डिस्क एकेक ट्रॅक करून लिहिली तर रायटर दोन ट्रॅकांच्या मध्ये दोन सेकंदांची पोकळी टाकतो आणि ठेका तुटतो. खानापूर तालुक्यातल्या एका मंडळाचे पखवाजवाले आजोबा दुसरीकडून करून आणलेली अशी एक डिस्क घेऊन आले होते. मांडीवर बोटांनी ठेका धरून ते ऐकत होते. पोकळी आली, बोटं चालूच राहिली, आणि पुढचा अभंग भलत्याच मात्रेवर पडला. "सम गेली की ओ," एवढंच म्हणाले. डिस्क एका दमात लिहिली, म्हणजे प्रोग्रॅममध्ये 'डिस्क-अॅट-वन्स' निवडलं आणि पोकळी शून्य केली, की हे टळतं. पण तेवढ्यानं पुरत नाही. सीडीवर एक सेकंद ७५ तुकड्यांत विभागलेला असतो, प्रत्येक तुकड्यात ५८८ मोजमापं. ट्रॅकचा काप या तुकड्याच्या सीमेवर पडला नाही तर उरलेली जागा शांततेनं भरली जाते आणि बारीक टक् ऐकू येतं. आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये काप सीमेवर आणण्याची सोय असते, ती चालू करायची. मी त्या आजोबांच्या मंडळाची अख्खी रात्र तशी करून दिली. त्यांनी दुकानातच पहिल्यापासून ऐकायला घेतली आणि दुपारची गाडी चुकवली.

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे प्लेअर. डिस्क कुठल्या यंत्रावर वाजणार आहे हे विचारल्याशिवाय मी काम घेत नसे. भजनी मंडळाची डिस्क देवळात वाजणार. देवळातला प्लेअर कुणीतरी देणगी दिलेला, उदबत्तीच्या धुरात वर्षानुवर्षं चालणारा, अॅम्प्लिफायरच्या डोक्यावर तापत बसलेला. त्याची "लेन्स उतरलेली" असते. दुरुस्तीवाले लेसरचा छोटा स्क्रू फिरवून ताकद वाढवून देतात; त्यानं चार महिने बरं चालतं आणि मग लेसर कायमचा जातो. आधी मऊ कापडानं लेन्स पुसून बघा, स्क्रूला हात लावू नका, असं मी सांगत आलो. असा थकलेला एक प्लेअर मी मुद्दाम विकत घेऊन दुकानात ठेवला होता. आलेखात पास झालेली डिस्क त्याच्यावर पूर्ण वाजायची, शेवटचा ट्रॅक थेट लावला तरी पटकन सापडायचा, मगच ती गिऱ्हाइकाच्या हातात. भारी यंत्रावर वाजवून बघण्यात काहीच अर्थ नाही, ते सगळंच वाजवतं. गडद निळी अझो या थकलेल्या प्लेअरवर सर्वांत कमी कुरकुरली, हा माझा अनुभव. दुसऱ्या कुणाच्या प्लेअरवर फिकी डिस्क सरस ठरली असेल तर मला नवल वाटणार नाही. म्हणून तर गिऱ्हाइकाला म्हणायचो, जमलं तर तुमचा प्लेअरच घेऊन या. हल्याळहून एक मामा बसच्या टपावर प्लेअर बांधून घेऊन आले होते. त्यांच्या यंत्राला मानवणारा माल सापडेपर्यंत आम्ही दोघं दुकानात बसलो.

डिस्क हातात देताना दोन गोष्टी बजावून सांगत असे. नाव लिहायचं ते आतल्या पारदर्शक कड्यावर, मऊ टोकाच्या पेननं. बॉलपेन वरच्या बाजूला टेकवायचंच नाही. लोक खालची चकचकीत बाजू जपतात आणि वरची फळीवर घासतात. खरं तर खाली जवळपास सव्वा मिलिमीटर जाड प्लास्टिक आहे, तिथला ओरखडा घासून काढता येतो. गाणं आहे ते वरच्या लाखेच्या लगेच खाली. तिथे ओरखडा पडला की ते कायमचं गेलं. आणि देवाचे, आजोबांचे फोटो छापलेले गोल स्टिकर चिकटवू नका. कागद पावसाळ्यात ओल धरतो, डिस्कला बाक येतो, फिरताना तोल जातो. फोटो हवा तर कव्हरवर लावा. हे सांगायला जड जायचं, कारण लोकांना तो फोटो डिस्कवरच हवा असायचा.

तैयो युडेननं २०१५ च्या अखेरीस डिस्क करणं बंद केलं. मोझर बेअरचं दिवाळं निघून २०१८ साली कंपनी गुंडाळण्याचा आदेश झाला. कोरी डिस्क अजून मिळते, पण निवड करायला फारसं काही उरलेलं नाही. लोक पेन ड्राइव्ह घेऊन येतात, फोनवर पाठवा म्हणतात. मी पाठवतो. हल्ली काम येतं ते उलट्या दिशेचं: वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या डिस्क, त्यातल्या काही माझ्या आणि बऱ्याचशा इतर ठिकाणच्या, वाचून काढायच्या. निळ्या आणि फिक्या रंगाच्या, लोखंडी कपाटात अंधारात राहिलेल्या डिस्क बहुतेक पूर्ण निघतात. मोटारीच्या काचेखाली उन्हात पडलेल्या हिरव्या डिस्कमधून मध्यापर्यंतच आवाज येतो. अशी डिस्क वाचताना मी शेवटचे ट्रॅक आधी घेतो, ड्राइव्हचा वेग अगदी कमी करतो, आणि एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रॅमनं प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा वाचून ताडून बघतो. एका ड्राइव्हला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं, म्हणून जुने ड्राइव्ह मी मोडीत घातलेले नाहीत. निघेल तो आवाज न दाबता दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवतो. एक माझ्याकडे, एक त्यांच्या घरी.

आणि डिस्क घेऊन कुणी आलं की पहिला प्रश्न असतो, कॅसेट ठेवलीय का? सीडी झाली म्हणून बहुतेकांनी टाकून दिलेली असते, जरी मी तेव्हा प्रत्येकाला टाकू नका म्हणून सांगितलं होतं. पण काही घरांत ती माळ्यावरच्या ट्रंकेत निघते, फीत शाबूत असते. तशी निघाली तर डिस्कचं काम बाजूला ठेवून मी कॅसेटच पुन्हा लावतो. आताचं यंत्र तेव्हाच्यापेक्षा चांगलं आहे, आणि हेडचा कोन जुळवायला माझे कान अजून चालतात.